बापूरावांच्या खिशातलं कार्ड

वारज्यात माझं औषधांचं दुकान आहे. गेली तीस वर्षं मी डॉक्टरांचं अक्षर वाचतो आहे. एखाद्या डॉक्टरने कागदावर नुसती नागमोडी रेघ ओढली, तरी ती कुठली गोळी आणि जेवणाआधीची की नंतरची, हे मी सांगू शकतो. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आता तेवढा उरलेला नाही आणि त्याला कारण आमचे बापूराव ओव्हाळ.

बापूराव दुकानामागच्या सोसायटीत राहतात. वय बाहत्तर. मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढली. सरकारी भाषेत भूकरमापक, साध्या भाषेत दोन भावांच्या भांडणात साखळी घेऊन बांधावर उभा राहणारा आणि दोघांच्याही शिव्या खाणारा माणूस. खात्यात त्यांचं नाव होतं ते अक्षरासाठी. त्यांच्या हातचा नकाशा टेबलावर आला की साहेब सही करायच्या आधी दोन मिनिटं नुसते बघत बसायचे, असं बापूराव स्वतः सांगतात. मी ते खरं मानतो. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात आणि हे सांगताना होत नाहीत.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. मग चाल आखूड झाली, मग डॉक्टरांनी पार्किन्सन हे नाव सांगितलं. तेव्हापासून दिवसाला चार गोळ्या: सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात. गोळीचा अंमल असेपर्यंत बापूराव तुमच्याआमच्यासारखे. चालतात, बोलतात, माझ्या दुकानातल्या कपाटाच्या फळ्या वाकड्या लागल्यात हे आठवड्यातून एकदा सांगतात. गोळी चुकली की मात्र पाय जमिनीला धरल्यासारखे होतात, चेहरा कोरा होतो आणि आवाज घशातच राहतो. अशा वेळी अनोळखी माणूस त्यांच्याकडे बघून एकच निष्कर्ष काढतो.

तो निष्कर्ष त्यांना फार लागतो. त्यांचे वडील गेनबा लोणी काळभोरचे. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आले त्या दिवसापासून त्यांनी बाटलीला हात लावला नाही. बापूरावांनी तर आयुष्यात थेंब चाखलेला नाही. "मला लंगडा म्हणा, बहिरा म्हणा, खुशाल म्हणा," ते मला म्हणाले होते, "पण प्यायलेला म्हणू नका. माझ्या बापाची मेहनत आहे ती."

घरात ते आणि त्यांची मुलगी प्रियदर्शनी. ती हिंजवडीला एका कंपनीत आहे. आई गेल्यावर बापाचं सगळं तीच बघते. तिने लग्न का केलं नाही हे मी कधी विचारलेलं नाही. पुण्यात राहून विचारलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आता मुख्य गोष्ट. दर दुसऱ्या शनिवारी बापूराव लोणी काळभोरला मोठ्या बहिणीकडे, चंद्रभागाअक्कांकडे जातात. एकटे. वारज्याहून एक बस, हडपसरला गाडीतळावर उतरायचं, तिथून दुसरी. अक्कांच्या हातची बाजरीची भाकरी खायची, ओट्यावर बसून गावातल्या बांधांच्या भानगडी ऐकायच्या आणि संध्याकाळी परत. बँकेत मुलगी घेऊन जाते, दवाखान्यात मुलगी घेऊन जाते, न्हाव्याकडे सोसायटीचा वॉचमन सोडून येतो. एकट्याने करायची एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली होती.

प्रियदर्शनीला ती बंद करायची होती. ती काही दुष्ट नाही. शनिवारी फोन वाजला की नंबर बघायच्या आधीच ती उठून उभी राहायची, एवढंच. बराच वाद झाल्यावर ती एका अटीवर तयार झाली: आजाराची माहिती सांगणारं काहीतरी बाबांच्या अंगावर कायम पाहिजे. तिने एक स्टीलचं कडं मागवलं. त्यावर आजाराचं नाव आणि तिचा नंबर कोरलेला होता.

बापूरावांनी ते हातात घेऊन, उलटंसुलटं करून टेबलावर ठेवलं. "आमच्या घरात छप्पन सालापासून गंडा, दोरा, ताईत, कडं काही आलेलं नाही. आता म्हातारपणी बांधून घेऊ?"

"बाबा, हे मेडिकल आहे. देवाचं नाहीये."

"तुला माहीत आहे. रस्त्यावरच्या माणसाला कुठे माहीत? तो म्हणेल, ओव्हाळांचा बापू बुवाच्या नादी लागला."

तिढा सोडवायला मी मध्ये पडलो. मला सवय आहे मध्ये पडायची. मी म्हटलं, कडं राहू द्या, एक कार्ड करू. नाव, आजार, औषधं, वेळा, फोन. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचं. मी छापून घेतो. तर बापूराव म्हणाले, "छापील नको. मी लिहीन."

दोन दिवसांनी ते कार्ड घेऊन दुकानात आले. मी ते हातात घेतलं आणि एका दमात वाचून काढलं. नाव, पत्ता, पार्किन्सन, गोळीचं नाव, चारही वेळा, कुठलं इंजेक्शन चालत नाही, प्रियदर्शनीचा नंबर. एक शब्द चुकलेला नव्हता. "उत्तम," मी म्हटलं आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं. संध्याकाळी प्रियदर्शनी ऑफिसातून येताना दुकानाशी थांबली. "काका, तुम्ही बघितलंत ना ते कार्ड? ठीक आहे ना सगळं?" मी म्हटलं, "तू निर्धास्त राहा."

हे निर्धास्त राहा मी कुठल्या तोंडाने म्हटलं, ते आता सांगतो.

त्यानंतरच्या शनिवारी बस भरलेली होती. ज्येष्ठ नागरिकांच्या जागेवर कानात बोंडं घालून एक तरुण झोपला होता, किंवा झोपल्याचं दाखवत होता. बापूराव उभे. एका हाताने दांडी, दुसऱ्या हातात अक्कांसाठी घेतलेल्या खारीची पिशवी. रस्ता तुंबलेला. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. गोळी खिशात होती, पण ती काढायला तिसरा हात नव्हता आणि कोणाला सांगायचा त्यांचा स्वभाव नाही. पावणेबाराला ते गाडीतळावर उतरले आणि शेवटच्या पायरीखाली पाय जे धरले गेले ते सुटेनात. मागून लोक ढकलत होते. कोणीतरी म्हणालं, "काय काका, सकाळीच?" ते काही बोलायला गेले, तर ओठांतून आवाज आला नाही. मग ते पडले.

कपाळाला खोक पडली. एका रिक्षावाल्याने त्यांना उचलून जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. त्या रिक्षावाल्याचं नाव आम्हाला आजही माहीत नाही, त्याचं भलं होवो. दवाखान्यात त्यांना उलट्या सुरू झाल्या. नाव विचारलं तर बोलता येईना. डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये होते. सिस्टरने खिसा तपासला तेव्हा तिला दोन वस्तू मिळाल्या: एक लॅमिनेट केलेलं कार्ड आणि माझ्या दुकानाचं कागदी पाकीट.

पाकिटात तीन गोळ्या होत्या. स्ट्रिपमधून एकेक सुटी कापलेली, म्हणजे नाव कुठल्याच तुकड्यावर पूर्ण नाही. कापली कोणी? मीच. त्यांना खिशात ठेवायला बरं पडावं म्हणून. पण पाकिटावर दुकानाचा शिक्का आणि नंबर होता, तो तिने लावला.

"इथं एक आजोबा आलेत. तुमच्याकडची औषधं आहेत खिशात. उलट्या होतायत, बोलत नाहीयेत."

मी विचारलं, "त्यांच्या वरच्या खिशात कार्ड आहे, वाचलंत का?"

"आहे ना. वर बापूराव लिहिलंय. खाली नुसत्या मुंग्या आहेत. काय ते आम्हाला लागत नाहीये."

मी म्हटलं, "उलटीसाठी काय देताय?" तिने इंजेक्शनचं नाव सांगितलं, म्हणाली, सिरिंज भरून ठेवलीय, डॉक्टर आले की देतो. ते इंजेक्शन तुम्हाआम्हाला रोज देतात, त्यात काही वावगं नाही. पण पार्किन्सनच्या माणसाला दिलं तर आधीच आखडलेलं शरीर आणखी आखडतं आणि चांगला माणूस काही दिवस अंथरुणाला खिळू शकतो. मी दुकानात ओरडलोच, "सिस्टर, ते देऊ नका! डॉक्टरांना फोन द्या!" कफ सिरप घ्यायला आलेल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या.

डॉक्टर तरुण होते, पण हुशार. मी दोन वाक्यं बोललो आणि ते म्हणाले, "कळलं. गोळीची वेळ काय होती?" अकराची गोळी साडेबाराला पोटात गेली. उलटीसाठी त्यांना चालणारं दुसरं औषध दिलं, कपाळाला तीन टाके घातले. सव्वा वाजता माझा फोन पुन्हा वाजला आणि पलीकडून स्वतः बापूराव बोलले, "अनिरुद्धराव, खारीची पिशवी रिक्षात राहिली." मी फोन ठेवला आणि काउंटरमागच्या स्टुलावर बसून रडलो. आनंदाने रडलो. खोटं कशाला सांगू?

प्रियदर्शनी त्यांना घेऊन आली ती थेट दुकानात. तिने ते कार्ड माझ्या काउंटरवर ठेवलं. "काका, वाचा."

मी वाचलं. घडाघडा वाचलं. आणि वाचता वाचता मला उमगलं. पार्किन्सनमध्ये माणसाचं अक्षर बारीक होत जातं. पहिली ओळ बरी, मग दुसरी त्याहून लहान, खालपर्यंत येईतो मोहरीएवढं. लिहिणाऱ्याला मात्र ते पूर्वीएवढंच वाटत राहतं. हे सगळं मला पुस्तकातलं ठाऊक होतं. पण तीस वर्षं वाचता न येणारं वाचून मी बिघडलो होतो. दुसऱ्याला हे वाचता येणार नाही, हे माझ्या मनातच आलं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"चूक कोणाचीही असू दे. एकटं जाणं आता बंद," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. बापूरावांनी कार्ड उचलून खिशात घातलं. कपाळाच्या पट्टीला हात लावत घरी गेले.

आठवडाभर ते दुकानाकडे फिरकले नाहीत. फळ्या वाकड्या आहेत हे सांगायलाही कोणी आलं नाही. रविवारी सकाळी मीच त्यांच्या घरी गेलो. प्रियदर्शनीने दार उघडलं, चहा ठेवते म्हणाली. बापूराव टेबलाशी बसले होते.

मी म्हटलं, "अक्षराचं सांगायला आलोय."

"अक्षराला काय झालंय? त्या सिस्टरला चष्म्याचा नंबर काढायला सांगा."

"बापूराव, अक्षर बारीक होतंय. आजारच तसा आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शेजाऱ्याच्या हद्दीत कुंपण घातलंय. मग उठून, हळूहळू, कपाटापाशी गेले. दहा वर्षांपूर्वीची एक डायरी काढली, खात्यातली जुनी पट्टी काढली, भिंग काढलं. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि का असावा? ते मोजून घेणार होते.

डायरीतल्या अक्षराला त्यांनी पट्टी लावली. "सहा मिलिमीटर." मग कार्डाच्या पहिल्या ओळीला. "चार." दुसरी ओळ, तिसरी ओळ. हात थरथरत होता, पट्टी सरकायची, ते पुन्हा लावायचे. मदत करू का, असं मी विचारलं नाही. प्रियदर्शनी चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली होती. शेवटच्या ओळीपाशी, जिथे ते इंजेक्शन देऊ नका असं लिहिलं होतं, तिथे ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"एकसुद्धा भरत नाही," ते म्हणाले. पट्टी खाली ठेवली. "क्षेत्र घटलंय, अनिरुद्धराव. मोजणी मीच केली, आता हरकत कोणाकडे घेऊ?"

आम्ही तिघंही हसलो, पण त्यांचे डोळे भरले होते. ज्या हाताने हवेली तालुक्याचे नकाशे काढले तो हात गेला, हे त्यांनी स्वतः मोजून मान्य केलं होतं. मला फार वाईट वाटलं.

मग ते मुलीकडे वळले. "मला घरी बसवायचं तर बसव. पण कारण खरं दे. मी पडलो म्हणून ते सगळं झालं नाही. खिशातलं कोणाला वाचता आलं नाही, म्हणून झालं. ते दुरुस्त होण्यासारखं आहे."

"आणि परत पाय अडकले तर?"

"अडकणारच. महिन्यातून एकदा अडकतात. त्या वेळी कोणीतरी वाचेल."

"नाही वाचलं तर?"

"प्रियू, लोक तितके वाईट नसतात. त्यांना फक्त कळत नसतं."

तिने चहाचे कप टेबलावर ठेवले. मी संधी साधून म्हटलं की आता तरी छापून आणतो, मोठ्या टाइपात. बापूरावांनी मान हलवली. "छापील कागद बघून माणूस समजतो, जाहिरात आहे. हाताने लिहिलेलं असलं की वाचावंसं वाटतं. पस्तीस वर्षं लोकांच्या दारावर नोटिसा लावल्यात मी, मला विचारा." आणि त्यांनी कोरं कार्ड आणि काळं पेन मुलीपुढे सरकवलं. "तू लिही. मी सांगतो."

ती बसली. ते एकेक वाक्य सांगत गेले आणि ती लिहीत गेली. माझं नाव बापूराव ओव्हाळ. मी दारू प्यायलेलो नाही. मला पार्किन्सन आहे. पाय अडकले असतील तर ओढू नका. मला पाणी द्या, गोळी मी घेतो. अर्धा तास थांबा.

मी तिच्या खांद्यावरून बघत होतो आणि बघतच राहिलो. तेच गोलाकार वळण, तीच ठसठशीत शिरोरेषा, डायरीत होतं ते तसंच्या तसं. लहानपणी सुट्टीत रोज एक पान दुरेघी वहीत काढल्याशिवाय बापूराव तिला खेळायला सोडत नसत म्हणे. तिला त्याचा तेव्हा राग यायचा. बापूराव वाकून ते अक्षर बघत होते आणि चष्मा पुसत होते, परत बघत होते.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढे लिही, त्यानंतर मला माझ्या बसमध्ये बसवून द्या."

तिचं पेन थांबलं. ती बापाकडे बघत राहिली. बापूरावांनी घाई केली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये पडलो नाही. शेवटी तिने खाली मान घातली आणि ते वाक्यही लिहिलं, बाकीच्यांइतकंच मोठं. मागच्या बाजूला डॉक्टरांसाठी गोळीचं नाव, वेळा, नको असलेलं इंजेक्शन आणि प्रियदर्शनीचा आणि माझा फोन नंबर. या वेळी लॅमिनेट करण्याआधी मी ते कार्ड झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतलं, रस्त्यापलीकडच्या भाजीवालीकडून वाचून घेतलं आणि चष्मा घरी विसरलेल्या एका निवृत्त मास्तरांकडूनही. स्ट्रिप कापणंही मी बंद केलं. बापूराव आता अख्खी स्ट्रिप खिशात ठेवतात आणि खिसा फुगतो म्हणून कुरकुर करतात.

टाके निघाल्यानंतरच्या शनिवारी सकाळी साडेनऊला ते बसमध्ये चढले. प्रियदर्शनीने रजा टाकली होती. ती दहा वाजता दुकानात आली आणि क्रोसिन मागितली. साडेअकराला पुन्हा आली आणि पुन्हा क्रोसिनच मागितली. मी स्टूल पुढे केलं. बारा वाजले. साडेबारा वाजले. एरवी बाराला ते अक्कांच्या ओट्यावर असतात. तिने फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला, कारण गर्दीत फोन काढायला गेले तर तोल जाईल, हे तिनेच त्यांना बजावलेलं होतं.

एक वाजायला पाच मिनिटं असताना तिचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला, एकटीने ऐकायचा धीर नव्हता.

"आला हाय गं तुजा बाप," चंद्रभागाअक्का ओरडत होत्या. फोनवर ओरडल्याशिवाय लोणीहून आवाज पोचत नाही, असा त्यांचा समज आहे. "गाडीतळावर पाय धरलं व्हतं म्हनं. एका कालेजच्या पोरीनं खिशातलं कारड काढलं आन् समद्या लोकांम्होरं मोठ्यांदा वाचून दावलं. दारू प्यायलेला न्हाय म्हनून! मंग कुनी पानी आनलं, कुनी बसाया जागा दिली. अर्धा तास थांबली ती पोरगी. मंग गाडीत बसवून दिलं. आता भाकर खातोय. घे, बोल."

"प्रियू," बापूरावांचा आवाज आला, स्वच्छ, घास तोंडात असलेला. "अर्धा तास नाही, सत्तावीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. आज मी इथेच राहीन म्हणतो. अक्कांच्या शेजाऱ्यांचा बांधाचा वाद आहे, ते मला बोलावतायत."

"राहा ना, बाबा," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला. उद्या कुठल्या बसने येणार, बरोबर कोण असेल, काही म्हणजे काही विचारलं नाही. मग स्टुलावर बसल्या बसल्याच माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, आता मी काय करू?"

"म्हणजे?"

"घरी कोणी नाहीये. तीनची गोळी द्यायची नाही, सातची द्यायची नाही. मला आज काही कामच नाही."

मी म्हटलं, घरी जा आणि झोप. ती हसली, पर्स उचलली आणि गेली. संध्याकाळी सहाला मी दुकानामागे जाऊन वर बघितलं तर तिच्या खोलीचे पडदे अजून ओढलेले होते.